आंब्याच्या वासाचे आजोबा

मुलीचं डोहाळजेवण आटोपलं, आलेल्या बायका ओट्या सावरत पांगल्या, आणि सगळ्यात शेवटी निघालेली लेक दारात चप्पल घालता घालता मला म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. घरात सिगारेट असेल तर मी बाळंतपणाला इथे येणार नाही. सासूबाईंनी तिकडे खोली तयार ठेवली आहे."

आवाज चढवून म्हणाली असती तर मीही चढवला असता आणि प्रकरण नेहमीसारखं चहावर मिटलं असतं. पण ती तिच्या आईसारखी बोलली, म्हणजे शांतपणे. एवढं बोलून तिनं मला नमस्कार केला, जावयांनी गाडीचं दार उघडून धरलं आणि दोघं गेली.

तिचं सासर बाणेरला. आमच्या बिबवेवाडीहून रहदारी असेल तर सव्वा तास, नसेल तर पाऊण तास. एवढ्याशा अंतरासाठी माहेर आणि सासर कसलं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणजे व्हायचं. माझ्या बायकोनं दिवाळीपासून डिंक, खारीक, सुंठ असं सगळं डब्यांत भरून वर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जुन्या मऊ साड्या फाडून दुपटी शिवली होती आणि ती कपाटात माझ्या शर्टांच्या जागी रचली होती. माझे शर्ट कुठे गेले हे मी अजून विचारलेलं नाही.

दार लावून ती आत आली आणि म्हणाली, "अळीव अर्धा किलो आणलेत. ती आली नाही तर तुम्हाला लाडू करून घालते. नाहीतरी कंबर धरतेच तुमची."

मी हसलो, पण मला लाडू नको होते. लेक लहान होती तेव्हा मी दिवसभर ऑफिस आणि उरलेला वेळ साइट यांत असायचो. ती पहिल्यांदा पालथी पडली ते मला फोनवर कळलं. रांगायला लागली ते मी फोटोत पाहिलं. आता निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, वेळ होता, मांडी रिकामी होती, आणि त्या मांडीवर तिचं मूल मला हवं होतं. अगदी हट्टानं हवं होतं.

मी नकाशे काढतो. नारायण पेठेत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात गेली बत्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढून ते मंजुरीला पाठवणं हे माझं काम. बाल्कनी किती पुढे आली, जिना किती रुंद, बाजूला किती फूट मोकळे सोडले, यात माझा जन्म गेला. आणि या बत्तीस वर्षांत मी किती सिगारेटी ओढल्या याचा नकाशा कुणी मागितला नाही म्हणून बरं. घरी माझी जागा बाल्कनीत, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. राख कुंडीत. आमच्या आमटीच्या फोडणीला तंबाखूचा वास येतो, असा बायकोचा आरोप होता. मला तो कधी आला नाही, पण मला तसा कुठलाच वास फारसा येत नव्हता.

सोडण्याचे प्रयत्न मी सात वेळा केले होते. बडीशेप झाली, लवंग झाली, च्युइंगगम झालं. सगळ्यात लांबलेला प्रयत्न अकरा दिवसांचा, पण तेव्हा मला कावीळ झाली होती, त्यामुळे बायको तो धरत नाही.

या वेळी मी आधी चौकशी केली. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर साडेचारच्या चहाला जी मंडळी जमतात, त्यांतले चौघं सिगारेट सोडून त्या विजेच्या पेनावर गेले होते. तोंडात धरायचं, ओढायचं, पांढरं काहीतरी बाहेर सोडायचं. का बदललंत, असं मी एकेकाला विचारत गेलो. समोरच्या इमारतीतले स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणाले, "फुप्फुसं हो. छातीला जपायला हवं या वयात." गंभीर चेहरा केला होता त्यांनी. नंतर चहाच्या दुसऱ्या कपाला कळलं की घरी त्यांची रवानगी हॉलमधल्या दिवाणावर झाली होती आणि त्या दिवाणावर पाठ धरत होती. म्हणजे फुप्फुसापेक्षा पाठीचा प्रश्न होता. एक विमा एजंट होते, त्यांचं कारण असं की लोकांच्या घरात सोफ्यावर बसलं की यजमान हळूहळू सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकायचे, आणि तेवढ्या लांबून पॉलिसी समजावून सांगता येत नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दम लागायचा, तो दाखवायचा नाही म्हणून ते तिथल्या दारांवरच्या पाट्या वाचत उभे राहायचे. एक दिवस आतल्या बाईंनी दार उघडून विचारलं, "पाठ झाली नाही का अजून?" दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन घेतलं.

चौथा आमच्याच ऑफिसातला पंचविशीचा इंजिनियर. सगळं संगणकावर काढतो, पेन्सिल कशी धरायची हे त्याला मी शिकवलं. त्याला विचारलं, "तू का सोडलीस रे सिगारेट?"

"मी कुठे स्मोकर होतो सर?" तो म्हणाला. "मी डायरेक्ट व्हेपच चालू केलं."

जी गोष्ट कधी धरलीच नाही ती सोडायला यानं हे घेतलं होतं. मला त्या वेळी ते नुसतं गमतीचं वाटलं.

"तुम्ही शिफ्ट व्हा ना सर," तो पुढे म्हणाला. "स्मेल नाही, ॲश नाही, काही नाही. बेसिकली वाफ आहे. माझ्याकडे एक्स्ट्रा आहे, ते घ्या."

"अरे पण आपल्याकडे बंदी आहे ना याच्यावर?"

"टेक्निकली आहे सर," तो म्हणाला आणि दोन्ही बाजूंना बघून ते माझ्या खिशात टाकलं.

मी सिग्नल मोडत नाही. निदान ज्या चौकात पोलीस उभा असतो तिथे तरी नाही. बाजूला सोडायच्या जागेत कुणी सहा इंच पुढे सरकलं तर मी नकाशावर लाल पेन्सिलीनं गोल करतो. तो मी, शर्टाच्या खिशात अनधिकृत बांधकाम घेऊन बसनं घरी आलो. स्वारगेटपर्यंत मला वाटत होतं की कंडक्टर माझ्याकडेच बघतोय. पण मन हे मोठं हुशार असतं. मार्केट यार्ड येईपर्यंत माझं मला पटलं होतं की लेक म्हणाली होती सिगारेट नको, आणि ही सिगारेट नाही. तिनं धूर नको म्हटलं असतं तर धूरही नाही. वाफ आहे. वाफ काय, इडलीलाही येते.

घरी येऊन मी बायकोसमोर सिगारेटचं पाकीट कचऱ्याच्या डब्याशी नेलं आणि म्हणालो, "संपलं. आजपासून बंद."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पाकिटाकडे, आणि म्हणाली, "सुक्यात टाका. ओल्यात नको, मुकादम ओरडतो."

बत्तीस वर्षांच्या सवयीला निरोप देताना याहून बऱ्या शब्दांची माझी अपेक्षा होती. पण पंधरा दिवसांनी तिनंच लेकीला फोन करून सांगितलं की बाबांनी खरंच सोडली, शर्टाला वास येत नाही, कुंडीत राख नाही. फोन तिनं माझ्याकडे दिला. लेक म्हणाली, "बाबा, थँक यू. मला वाटलं नव्हतं तुम्ही कराल." तिच्या आवाजात रडू होतं. मी म्हणालो, "तुझ्यासाठी काहीही," आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन पंखा लावून दोन झुरके घेतले. लाज वाटली का? वाटली. पण झुरके घेतल्यावर जरा कमी वाटली.

त्या पेनाला आंब्याचा वास होता. हापूस, असं त्यावर लिहिलेलं होतं. कोकणातल्या कुणी तो वास घेतला असता तर कोर्टात गेला असता. गोळ्या-चॉकलेटांच्या बरणीतला आंबा तो. पण घरभर मंद रेंगाळायचा, आणि महिना होता मार्गशीर्ष.

"अहो, या दिवसांत आंब्याचा वास कुठून येतोय?" बायकोनं विचारलं.

"फरशी पुसायचं नवीन लिक्विड आणलंय मी," मी म्हणालो. जन्मात मी फरशीसाठी काही आणलं नव्हतं. तिनं बाटली मागितली. मी म्हणालो, ऑफिसात राहिली. मग दुसऱ्या दिवशी आंब्याच्या वासाचं फिनेल शोधत तीन दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदारानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "आंबा खायचा असतो. पुसायला लिंबू आहे. देऊ?"

लेक आठव्या महिन्यात आली. तिच्या बॅगा मी तीन खेपा करून वर आणल्या आणि बॅगा आणताना मी धापा टाकत नाही, हे तिला दिसेल अशा बेतानं आणल्या. पुढे दिवस भरले, आणि एका सकाळी आम्ही आजी-आजोबा झालो. नात पावणेतीन किलोची, डोक्यावर भरपूर जावळ, आणि चेहरा कायम तक्रार द्यायला आल्यासारखा. बारसंही थाटात झालं. आत्यानं कानात सांगितलेलं नाव सगळ्यांना आवडलं, पण घरात तिला सगळे ठमीच म्हणायला लागले.

आणि ठमी माझ्याकडे राहायची. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, सगळ्यांनी पाहिलंय. आईकडे किंचाळायची, आजीकडे किंचाळायची, तिच्या बापाकडे तर नुसतं बघूनच किंचाळायची. मी मांडीवर घेतलं की नाक जरासं हलवायची, मान माझ्या पोटाकडे वळवायची आणि गप्प. मी ऑफिसातून येऊन जवळ नुसता उभा राहिलो तरी मान वळायची. "ओळखते मला," मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचो. "महिन्याची नाही अजून, पण ओळखते." ऑफिसात सांगितलं, टपरीवर सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांची नात चार महिन्यांची असून त्यांना ओळखत नव्हती, त्यांना तर मी दोनदा सांगितलं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातून पहिल्या बसनं येत, हातात ताकद अशी की त्यांनी पाठ चोळली की लेक "मावशी, हळू" म्हणून ओरडायची. न्हाणं झालं की मावशींना धुरी द्यायची असायची. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. पहिल्याच दिवशी शेगडी खोलीत आली आणि लेकीनं हात आडवा केला. "मावशी, धूर नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आवं ताई, धुरीबिगर काय बाळंतपण असतंय व्हय? तुमाला बी दिली आसंल तुमच्या आईनं."

"दिली असेल. आता नको."

बराच वाद झाला. शेवटी असं ठरलं की धुरी फक्त कपड्यांना द्यायची, खोलीत नाही, बाल्कनीत, आणि दार लावून. त्यामुळे मावशी रोज सकाळी माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी, माझ्या स्टुलावर बसून धूर करायला लागल्या. ते बघून मला गलबलून यायचं. मग मीही मदतीच्या नावाखाली तिथे जाऊन उभा राहायला लागलो. ओव्याच्या त्या दाट धुरात आपले दोन झुरके कुणाला कळणार?

तिसऱ्या दिवशी मावशी टोपडं निखाऱ्यावर धरून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजोबा, धुरीत आंबा कुठनं आला वो?"

मी खाली रस्त्याकडे बघत राहिलो.

"नगा सांगू. तलफ हाय, कळती मला," त्या म्हणाल्या. "मला बी मिश्री लागती. सकाळच्याला लावल्याबिगर हात चालत न्हाईत. पन ताईला मी पैल्या दिशीच सांगितलं, मिश्री लावती, चूळ भरून साबनानं हात धुऊन मगच पोरीला हात लावीन, चालत आसंल तर ठेवा. ताई म्हनली, चालंल." मग टोपडं झटकत म्हणाल्या, "तुमी काय सांगितलंया ताईला?"

"सोडली म्हणून सांगितलंय."

"मंग सोडा की," त्या म्हणाल्या आणि शेगडी उचलून आत गेल्या. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही बाल्कनीत जाणं बंद केलं. बाथरूम होतंच.

ठमी दीड महिन्याची झाली आणि तिला लस टोचून आणली. ताप येईल, लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारी तिचं अंग कोमट लागायला लागलं. लेक घाबरून गेली होती, तिनं झबलं काढून ठमीला दुपट्यावर निजवलं आणि आईला म्हणाली, "थर्मामीटर दे पटकन." थर्मामीटर जागेवर नव्हता. मी जावयांना फोन लावत होतो. बायको घरभर शोधत सुटली, आणि आतून ओरडली, "मिळाला! अहो, धुवायच्या शर्टाच्या खिशात तुम्ही थर्मामीटर कशाला ठेवलात?"

मी फोनवरून मान वर करेपर्यंत ती पोरीजवळ बसली होती. चष्मा कपाळावर. हातात पांढरं, निमुळतं, टोकाला गोल, मधे इवलीशी काच असलेलं ते. लेकीनं ठमीचा एवढासा हात वर उचलून धरला आणि बायको त्या बगलेत ते टोक लावायला वाकली.

"थांब!" मी ओरडलो. "लावू नकोस तिला ते! हात लावू नकोस, चिकट असतं ते, विष आहे त्यात!"

असा मी लग्नात, भांडणात, साइटवर कधीच ओरडलो नव्हतो. बायको जागच्या जागी थिजली. ठमीनं गळा काढला. मी धावत जाऊन ते तिच्या हातातून हिसकावलं, बायकोचा हात धरून तिला मोरीत नेलं आणि साबण लावून स्वतः तिचे हात धुतले. खरा थर्मामीटर दुपट्यांच्या घडीत निघाला. ताप नव्याण्णवच होता, औषधाचे थेंब दिल्यावर उतरलाही. मग लेकीनं पोर आईकडे दिली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय आहे ते?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, टपरीपासून फिनेलपर्यंत. आणि शेवटी, सवय म्हणा की काय, मी म्हणालो, "पण सिगारेट नाही गं ती. नुसती वाफ असते."

"नुसती वाफ," ती म्हणाली. "मग ओरडलात का?"

बत्तीस वर्षं मी मंजुरीच्या टेबलांवर उत्तरं देत आलोय. कितीही अडचणीचा प्रश्न असो, काहीतरी तोंडात येतंच. त्या दुपारी मी मोरीतला नळ नीट बंद आहे का ते बघून आलो. मी स्वतःच्या छातीत जे दिवसातून चाळीसदा आत घेत होतो, ते पोरीच्या कातडीला टेकणार म्हटल्यावर माझ्या तोंडून विष हा शब्द निघाला होता. तो मला कुणी शिकवला नव्हता. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लेक खुर्चीत बसली. म्हणाली, "बाबा, मी लहान असताना तुम्ही घरी आलात हे मला बेल वाजायच्या आधी कळायचं. जिन्यातून वास यायचा. मला आवडायचा तो वास. मला वाटायचं, बाबा लोकांना तसाच वास असतो. मैत्रिणीच्या घरी तिच्या बाबांना तो येत नव्हता, तर मला वाटलं हे तिचे खरे बाबा नाहीत." ती जरा हसली आणि मग रडायला लागली. "ठमी तुमच्याकडे का वळते, कळतंय का तुम्हाला? ती तुम्हाला नाही ओळखत. आंब्याला ओळखते."

मला हे लागलं. फार लागलं. सिगारेटबद्दल आजवर लोक जे जे बोलले होते त्यातलं काहीही एवढं लागलं नव्हतं. दीड महिना ज्या एका गोष्टीचा मी गावभर डंका पिटला होता, तीच तिनं काढून घेतली होती, आणि ती खरं बोलत होती.

संध्याकाळी तिनं बॅग काढली. ठमीची टोपडी भरायला लागली. बायको स्वयंपाकघरात कट्ट्याला टेकून उभी होती. मला बाल्कनीतल्या मावशी आठवल्या. मी खोलीच्या दारात गेलो आणि म्हणालो, "मी सोडली असं तुला पुन्हा सांगणार नाही. सात वेळा सांगून झालंय, आणि हे आठवं. मी उद्यापासून डॉक्टरांकडे जातो. सुटेल की नाही माहीत नाही. पण ज्या दिवशी ओढेन त्या दिवशी येऊन तुला सांगेन, आणि त्या दिवशी ठमीला हात लावणार नाही. एवढं मी करू शकतो. थांबशील?"

तिनं हातातल्या टोपड्याच्या नाड्या गुंडाळून ते बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "दोन दिवस बघते."

ते पेन ओल्या कचऱ्यात जात नव्हतं आणि सुक्यातही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते हातात घेऊन विचारलं, "काय आहे हे?" मी म्हणालो, "ई-कचरा." ते म्हणाले, "ते दिसतंय. पण होतं काय?" मी म्हणालो, "आंबा." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, पण वहीत 'इतर' असं लिहून घेतलं.

मग सुरू झाले माझे हिशेबी दिवस. सकाळी चहाच्या वेळी लेकीसमोर उभं राहायचं. "काल एक. टपरीवर, साडेचारला." त्या दिवशी मांडी बंद. मी लांब खुर्चीत बसून ठमीकडे बघायचो आणि मावशी तिला माझ्यासमोरून मुद्दाम सावकाश घेऊन जायच्या. "काल नाही." मांडी चालू. "काल दोन." लेक नुसती मान हलवायची. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तोंडाला कडू चव यायची, चिडचिड व्हायची. एका दुपारी मी बायकोवर भाजीत मीठ कमी म्हणून डाफरलो, तर ती म्हणाली, "त्या कढीपत्त्याच्या कुंडीत बघा, तुमच्या वेळची राख शिल्लक असेल, घ्या चिमूटभर." दोन दिवसांचे चार झाले, चाराचे दहा. बॅग माळ्यावर गेली.

मग सलग नऊ दिवस मी "काल नाही" म्हणालो, आणि नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, स्वच्छ आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आणि मांडीवर पसरायचो तो आंब्याचा वास मुरलेला पंचा एकदाचा धुवायला टाकून ठमीला मांडीवर घेतलं. तिनं नाक हलवलं. इकडे वास घेतला, तिकडे घेतला. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं असा काही भोंगा लावला की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर बघायला आले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

"अनोळखी वाटतोय तिला," बायको म्हणाली. "आता पेट्या यायला लागतील आंब्याच्या. एखाद्या पेटीशेजारी नेऊन ठेवू, आजोबा आले असं वाटेल तिला."

लेक हात पुढे करून उभी होती. "द्या माझ्याकडे, बाबा."

"राहू दे," मी म्हणालो. "थोडा वेळ राहू दे."

मी तिला घेऊन तसाच बसून राहिलो. ती रडत होती, मी पाठ थोपटत होतो, काहीबाही बोलत होतो. बाल्कनी किती पुढे आली, जिना किती रुंद, बाजूला किती फूट सोडले, जे तोंडात येईल ते. रडता रडता ती थकली, मग हुंदके देत माझ्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिनं माझा धुतलेला सदरा, माझा जुना पायजमा आणि खालची सतरंजी, सगळं एका धारेत ओलं केलं.

"अगंबाई," लेक म्हणाली, "जा, बदलून या बाबा. वास येईल."

"येऊ दे," मी म्हणालो आणि बसून राहिलो.